काळी आकृती आणि कात्री धरणारा हात

आमच्या अभ्यासमंडळात मध्यंतरी मी अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत कारा वॉकर यांच्या कागदी मांडणशिल्पांवर बोललो. पडद्यावर चित्रे दाखवली. बोलणे संपले आणि दोन प्रश्न आले. पहिला एका निवृत्त प्राध्यापकांचा. 'काळा कागद कापायचा, पांढऱ्या भिंतीला चिकटवायचा, याला कला म्हणायचे तर आमच्या शाळेतला हस्तकलेचा तास काय वाईट होता?' लोक हसले. दुसरा प्रश्न एका तरुण कार्यकर्त्याचा. तो हसत नव्हता. 'सर, आपल्याच माणसांची इतकी ओंगळ, इतकी नागडी चित्रे या बाई गोऱ्यांच्या भिंतीवर लावतात आणि गोरे पैसे मोजून ती पाहतात. यात विद्रोह कुठे आहे?' प्राध्यापकांना मी तिथेच उत्तर दिले. त्या तरुणाला देऊ शकलो नाही. हे लिखाण मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

एक कबुली आधी दिली पाहिजे. ही कामे मी भिंतीसमोर उभा राहून पाहिलेली नाहीत. पुस्तकांतील छायाचित्रे आणि काही चित्रफिती एवढाच माझा आधार. माणसाच्या उंचीची आकृती तळहाताएवढी होऊन समोर आली की तिच्यातला दरारा निघून जातो. ही उणीव धरूनच माझे म्हणणे वाचावे.

प्राध्यापकांचे थोडक्यात आटोपतो. कलाकार आणि कारागीर ही विभागणी कोणी केली आणि कोणाच्या सोयीसाठी केली, हे या पानांच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. ज्याच्या हाताला घट्टे पडतात तो कारागीर आणि ज्याच्या नावाची पाटी लागते तो कलाकार. माझ्यापुरते सांगायचे तर कात्री आणि कागद यांची ओळख मला हस्तकलेच्या तासाला झालीच नाही. ती चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री चाळीच्या व्हरांड्यात झाली. गिरणीतली पाळी संपवून आलेले माझे वडील निळ्या पतंगी कागदांची चवड घडी घालून मांडीवर घेत आणि पेन्सिलची रेघही न मारता त्यातून चक्र कापीत. घडी उलगडली की एका कापात सहा पताका. आम्ही पोरे मात्र खाली पडलेल्या कातरणांवर टपलेली असू. चक्राच्या आऱ्यांमधले ते निळे त्रिकोण मुठीत भरून एकमेकांवर उधळत असू. पताका वर जात, तुकडे सकाळी झाडून टाकले जात. या तुकड्यांकडे मला पुढे परत यायचे आहे.

आता मूळ विषय. माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा काळ्या रंगात सपाट कापायचा, याला युरोपात सिलुएट म्हणतात. हे नाव १७५९ साली फ्रान्सचा अर्थमंत्री असलेल्या एतिएन द सिलुएट याच्यावरून पडले. त्याच्या काटकसरीची लोक टर उडवीत, आणि जे जे स्वस्त ते ते त्याच्या नावावर खपू लागले. कॅमेरा येण्यापूर्वी ज्याला तैलचित्र परवडत नसे त्याला आपला चेहरा घरात लावायची ही एकच सोय होती. इथवर ही गोष्ट निरुपद्रवी आहे. पण त्याच शतकात स्वित्झर्लंडच्या लावाटर नावाच्या धर्मगुरूने याच छायाकृतींवरून माणसाचे शील ओळखण्याचे शास्त्र उभे केले. कपाळाची उतरण, नाकाचा कोन, हनुवटीची ठेवण. रेषेवरून माणूस.

हे वाचताना आपल्याला रिस्ले आठवला पाहिजे. इंग्रज सरकारच्या या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या देशातल्या माणसांची नाके मोजली आणि असे सांगितले की नाक जितके रुंद तितकी जात खालची. नाकाच्या मापावर त्याने जातींची उतरंड रचली. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हीच नाकांची मापे, घुर्ये यांनी मांडलेली, हातात घेतली आणि तिच्यातूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. शत्रूच्या मोजपट्टीनेच शत्रूचा सिद्धान्त मोडला. वॉकर यांनी छायाकृतीचे जे केले ते मला या कृतीच्या जवळचे वाटते, म्हणून हा संदर्भ.

पण वॉकर यांच्याकडे जाण्यापूर्वी वाटेत एक माणूस उभा आहे आणि त्याला ओलांडून जाता येत नाही. त्याचे नाव मोझेस विल्यम्स. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स विल्सन पील नावाचा चित्रकार होता. त्याने स्वतःचे संग्रहालय काढले होते. पील उदारमतवादी, स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, आणि गुलाम बाळगणारा. मोझेस १७७७ च्या सुमारास त्याच्या घरातल्या गुलाम जोडप्याच्या पोटी जन्मला. १७८६ मध्ये पीलने आईबापांना मुक्त केले. बापाने गुलामीतले नाव टाकले आणि जॉन विल्यम्स झाला. नाव बदलण्यातला अर्थ आपल्याला कळतो. पेनसिल्व्हेनियाच्या क्रमाक्रमाने गुलामी संपवणाऱ्या कायद्याने मुलाला मात्र वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मालकाकडे राहणे भाग होते. उदारमतवाद हप्त्याहप्त्याने येतो.

पीलने आपल्या मुलांची नावे राफाएल, रेम्ब्राँ, रूबेन्स, टिशियन अशी ठेवली होती. त्यांच्या हाती त्याने कुंचला दिला. त्याच घरात वाढलेल्या मोझेसला आधी संग्रहालयातली हरकामे आणि मग एक यंत्र मिळाले. १८०२ च्या अखेरीस बसवलेल्या या यंत्राची दांडी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून फिरवली की दुसऱ्या टोकाला घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर त्या चेहऱ्याची लहान रेघ उमटे. मोझेस त्या रेघेवरून आतला भाग कापून काढी. चार पदरांच्या चार प्रती. मधोमध चेहऱ्याच्या आकाराचे भोक पडलेला तो पांढरा कागद काळ्या कापडावर ठेवला की चेहरा दिसे. त्याच वर्षी, मुदतीच्या थोडे आधी, मोझेस मुक्त झाला होता आणि पील त्याला कापण्याची मजुरी घेऊ देई. पीलच्या हिशेबाप्रमाणे १८०३ या एका वर्षात ८,८८० चेहरे कापले गेले. शहरातले प्रतिष्ठित गोरे या माणसासमोर मान स्थिर ठेवून बसत. प्रत्येक कागदावर शिक्का संग्रहालयाचा. कापणाऱ्याचे नाव नाही.

मोझेसने त्या मजुरीतून दुमजली विटांचे घर घेतले. पीलच्या घरात मारिया नावाची गोरी स्वयंपाकीण होती. गुलाम असताना मोझेसच्या पंगतीला बसायला ती तयार नसे. पुढे तिने त्याच्याशी लग्न केले. ही हकीकत पीलच्या मुलाने गमतीची म्हणून लिहून ठेवली आहे. मला ती गमतीची वाटली नाही. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत लागले तेव्हा विणकाम खात्यात आमच्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतरांना आमची उष्टी चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त होता. पंगत आणि पगार यांचा संबंध फिलाडेल्फियात होता तसाच परळात होता.

आणि ते आतले तुकडे? भोक पाडताना मधून गळून पडणारे ते लहान कागदी चेहरे पीलच्या घरात 'ठोकळे' या अर्थाच्या शब्दाने ओळखले जात. त्यांनी दोन पिंपे भरली होती, असे त्याच मुलाने लिहिले आहे. दोन पिंपे भरून चेहरे, ज्यांचा कोणाला उपयोग नाही.

आता वॉकर यांच्या भिंतीकडे या. कारा वॉकर यांचा जन्म १९६९ चा, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचा. वडील चित्रकार. वडिलांना जॉर्जियात विद्यापीठात नोकरी मिळाली आणि १९८३ मध्ये, त्या तेरा वर्षांच्या असताना, कुटुंब स्टोन माउंटन या गावी आले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतून उत्तरेला आणि पश्चिमेला निघून गेली. या मुलीचा प्रवास उलट्या दिशेने झाला. ज्या डोंगराच्या पायथ्याशी त्या आल्या त्यावर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या तीन पुढाऱ्यांचे प्रचंड कोरीव शिल्प आहे आणि १९१५ मध्ये कु क्लक्स क्लानचे पुनरुज्जीवन याच डोंगरावर झाले. दगडात तीन चेहरे, तेही बाजूने दिसणारे. कॅलिफोर्नियात जिला आपण कोण हे फारसे कोणी विचारले नसेल, तिला इथे पाऊल टाकताच आपली आकृती आधीच कापून ठेवलेली आढळली. हा माझा तर्क आहे, पण त्यांचे काम पाहून तो करावासा वाटतो.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये त्यांनी पन्नास फूट लांबीची भिंत काळ्या कागदी आकृत्यांनी भरली. 'गॉन विथ द विंड' या कादंबरीची खिल्ली उडवणारे लांबलचक नाव तिला दिले. चंद्रप्रकाशात फुगीर झग्यातली तरुणी आणि तलवार लटकावलेला तरुण चुंबनासाठी वाकले आहेत. दृश्य गोड आहे. मग लक्षात येते की झग्याखाली आणखी दोन पाय आहेत. तिथून पुढे भिंत जसजशी सरकते तसतसे मळ्यातले सगळे बाहेर येते: बलात्कार, मूल, मृत्यू, मालकाची भूक. सगळे त्याच नाजूक, घरगुती, सभ्य कातरकामात.

यात एक गोष्ट अशी आहे जी आमच्या तरुण मित्राच्या नजरेतून सुटली. या भिंतीवर मालकही काळा आहे आणि गुलामही. सगळ्या आकृत्या एकाच काळ्या कागदाच्या. कोणाला डोळे नाहीत, कातडीचा रंग नाही. तरीही पाहणारा क्षणात ओळखतो की हा मालक आणि ही दासी. कशावरून? ओठावरून, नाकावरून, केसावरून, उभे राहण्याच्या ढबीवरून. म्हणजे लावाटर आणि रिस्ले हे कागदावर नाहीतच, ते पाहणाऱ्याच्या डोक्यात बसले आहेत. साचेबंद प्रतिमाही छायाकृतीसारखीच कमीत कमी तपशिलात काम भागवते, असे वॉकर यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांनी 'आपल्या माणसांची' चित्रे काढलेली नाहीत. गोऱ्याच्या मनात आपल्या माणसाचे जे चित्र आहे ते कापून त्याच्याच भिंतीला चिकटवले आहे. पीलच्या संग्रहालयात कागदाचा आतला तुकडा पिंपात जाई आणि भोक चौकटीत बसे. इथे भिंतीवर तो पिंपातला तुकडा आला आहे. मला तर ही मांडणी त्या दोन पिंपांचे झाकण उघडल्यासारखी वाटते.

पण म्हणून आक्षेप निकालात निघाला असे मी म्हणणार नाही. तो आक्षेप घेणारा आमचा तरुण पहिला नाही. १९९७ मध्ये वॉकर यांना अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मॅकआर्थर प्रतिष्ठानाची मोठी वृत्ती मिळाली, आणि त्याच वर्षी बेट्ये सार या ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावतीने शेकडो लोकांना पत्रे पाठवून या कामाविरुद्ध मोहीम उघडली. गोऱ्या कलाव्यवहाराच्या करमणुकीसाठी आपल्या अपमानाचा बाजार मांडला जात आहे, असा तिचा आशय. १९९९ मध्ये डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने आक्षेपांमुळे वॉकर यांचे एक काम प्रदर्शनातून काढून घेतले. सार या काही सोवळ्या बाई नव्हेत. पॅनकेकच्या पिठाच्या पुड्यावर हसणारी जी जाडी काळी मोलकरीण छापली जाई, तिच्या एका हातात झाडू ठेवून दुसऱ्या हातात सार यांनी बंदूक दिली होती. ते वर्ष १९७२. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणजे साचेबंद प्रतिमा उचलण्याला सार यांचा विरोध नव्हता. बंदूक न देता ती उचलण्याला होता.

हा वाद आपल्या घरातला आहे. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा आपल्यातल्याच काही शिकल्यासवरल्या मंडळींना ते रुचले नाही. जे विसरायला आपण शहरात आलो ते चव्हाट्यावर कशाला, आपली लक्तरे सदाशिव पेठेने का वाचायची, असे म्हणणारे मी कानांनी ऐकले आहेत. मी त्यांच्यावर तेव्हा चिडलो होतो. आज तेवढा चिडत नाही. नुकताच पांढरा सदरा अंगात चढवलेल्या माणसाला कोणी त्याच्या पाठीवरचा वळ दाखव म्हटले तर त्याला राग येणारच. आणि दुसरीकडे, त्या आत्मकथनांचे स्वागत करणाऱ्या प्रस्थापित समीक्षकांच्या कौतुकात एक प्रकारची चव घेणे होते, हेही मी पाहिले आहे. आमच्या भुकेच्या वर्णनावर ते 'भाषेचा जिवंतपणा' शोधत होते. सार यांना जे भय वाटले ते खोटे नव्हते.

वॉकर यांच्याविषयीची माझी तक्रार मात्र वेगळी आहे. तीच भिंत, तोच मळा, तोच झगा पुन्हापुन्हा येऊ लागला की धक्का सरावाचा होतो आणि सरावाचा धक्का ही करमणूकच असते. हे त्यांनाही जाणवले असावे. २००१ च्या 'डार्कीटाउन रिबेलियन' या कामात त्यांनी खोलीत प्रकाशझोत टाकणारी यंत्रे ठेवली. रंगीत उजेड भिंतीवर पडतो आणि पाहायला आलेल्या माणसाची स्वतःची सावली त्या काळ्या आकृत्यांत जाऊन उभी राहते. त्याला डोळे नाहीत, रंग नाही. आता तो कोण? मालक की दास? पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला इथे फक्त पाहणारा म्हणून राहता येत नाही. आमच्या तरुण मित्राला द्यायचे उत्तर या खोलीत आहे. छायाचित्रात ती सावली दिसत नाही, म्हणून मला ते पडद्यावर दाखवताही आले नाही.

या मार्गाच्या अगदी उलट बाजूला बार्बरा अर्ल थॉमस आहेत. जन्म १९४८, सिएटल. त्यांचे घराणे त्या साठ लाखांच्या लोंढ्यातूनच दक्षिणेकडून तिथे आले. विद्यापीठात त्यांना जेकब लॉरेन्स शिकवायला होते. हे तेच लॉरेन्स ज्यांनी १९४०-४१ मध्ये या स्थलांतरावर साठ चित्रांची मालिका रंगवली. गाठोडी, रेल्वेची फलाटे, पुन्हा गाठोडी. ती साठ चित्रे आज दोन संग्रहालयांत निम्मीनिम्मी वाटली गेली आहेत, म्हणजे स्थलांतराच्या चित्रांचेही घर मोडले. थॉमस काळा कागद घेतात, पण बाह्यरेषेवर थांबत नाहीत. कात्री आत शिरते. गाल, पापणी, केसांची वेणी, सदऱ्याची नक्षी, सगळे आतून कोरले जाते आणि मागच्या रंगीत कागदाचा उजेड त्यातून येतो. २०२० मध्ये सिएटल आर्ट म्युझियममध्ये सुरू झालेल्या 'द जिऑग्राफी ऑफ इनोसन्स' या प्रदर्शनात अशी मुलांची चित्रे होती. बहुतेक चेहरे आसपासच्या खऱ्या मुलांवरून घेतलेले. शेजारी कोरलेल्या पांढऱ्या पडद्यांची एक अख्खी खोली, मागून उजळलेली.

मुलेच का? २०१४ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँड शहरात तामीर राईस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन उभा होता. पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्या काही सेकंदांत पोलिसाने काय पाहिले असेल? डोळे नाही, वय नाही. एक काळी आकृती. या घटनेनंतर काळ्या कागदातून मुलाची पापणी कोरून काढणे हे मला सजावटीचे काम वाटत नाही. तरीही कबूल करतो की थॉमस यांची काही चित्रे मला फार सुंदर वाटतात, इतकी की पाहून झाल्यावर अंगावर काही राहत नाही. वॉकर यांच्या बाबतीत असे कधी होत नाही.

कागदाविषयी एक शेवटची गोष्ट. आपल्या भाषेत 'कागद' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. 'कागद आहेत का?' असे विचारले की स्थलांतरिताच्या पोटात गोळा येतो. मुक्त झालेल्या काळ्या माणसाला अमेरिकेत मुक्तीचे कागद खिशात बाळगावे लागत. कागद हरवला तर पुन्हा बाजारात उभे राहण्याची भीती. आपल्याकडे अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या सवलती मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले. राज्याची सीमा ओलांडली की जात उरते, दाखला उरत नाही. माझ्या पुतणीच्या दाखल्यासाठी मी एका कचेरीत खेटे घातले. आजोबांचा गावाकडचा कागद वाळवीने खाल्ला होता. नेमके नाव होते तेवढ्या जागी भोक. खिडकीतल्या कारकुनाने तो उजेडाकडे धरला, भोकातून माझ्याकडे पाहिले आणि परत केला. फिलाडेल्फियातले ते भोक पडलेले कागद मी त्यानंतर वाचले, म्हणून कदाचित ते मला इतके लागले असतील.

त्या फिलाडेल्फियात, लायब्ररी कंपनीच्या संग्रहात, एका काळ्या माणसाची छायाकृती आहे. खाली लिहिले आहे: मोझेस विल्यम्स, चेहरे कापणारा. ती पीलच्या मुलाने कापली असे बराच काळ धरले जाई. वॉकर यांच्या कलेवर २००४ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या ग्वेंडोलिन डुबॉइस शॉ या कृष्णवर्णीय कलाअभ्यासक बाईंचे म्हणणे असे की ती मोझेसने स्वतःच कापली असावी. यंत्राने आखून दिलेल्या रेघेवर ही कात्री चाललेली नाही. केसांपाशी तिने रेघ सोडली आहे आणि केस यंत्राला दिसले त्याहून लांब, सरळ केले आहेत. आता यात न्यूनगंड पाहायचा की बंड, यावर आमच्या मंडळात दोन तट पडतील हे मला दिसते आहे. पुढच्या बैठकीत मी वॉकर यांचे चित्र नेणार नाही, हे एकच नेणार आहे. प्राध्यापकांनाही निरोप धाडला आहे; येताना कात्री आणा म्हटले आहे.